स्मृतिप्रीत्यर्थ: आधी पहिली वेलांटी, मग दुसरी

माझी आजी २०२५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ९१ व्या वर्षी, भायखळ्याच्या चाळीतील तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत पहाटे झोपेतच प्रभूकडे गेली. तिच्या दफनविधीची सगळी व्यवस्था आमच्याच भागातील एका लहानशा दुकानाने केली, आणि त्या सेवेबद्दल सविस्तर लिहावे असे मला गेले काही महिने वाटत होते. दुकानाचे नाव मात्र मी देणार नाही. एक तर पुढे काही तक्रारीही येणार आहेत. दुसरे म्हणजे मालकांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘ताई, आमच्या धंद्यात नाव झाले की लोक रस्ता बदलतात.’ तेव्हा ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना अशा सेवेत काय पाहावे आणि काय तपासून घ्यावे हे कळले, तरी या लेखनाचे काम झाले.

पहाटे साडेतीनला आम्ही आधी दुसऱ्याच एका ठिकाणी फोन लावला होता. तेथील माणसाने सांत्वनाचे एक वाक्य इंग्रजीत म्हटले आणि लगेच ‘साधे की डिलक्स’ असे विचारले. मी फोन ठेवून दिला. या दुकानाच्या मालकांनी दुसऱ्या घंटेला फोन उचलला आणि त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा किंवा पेटीचा नव्हता. आजींना शेवटचे पाहायला कोण कोण यायचे आहे आणि ती मंडळी कुठून निघणार आहेत, असे त्यांनी विचारले. मोठी आत्या नगरहून निघणार होती, एक काका पुण्याहून. हिशेब करून ते म्हणाले की दुपारी चारची वेळ धरा, तोपर्यंत शीतपेटी पुरेल, रसायनांची काही गरज नाही आणि त्याचा खर्चही करू नका. आपल्याच बिलातली एक रक्कम ग्राहकाने मागण्याआधी कमी करणारा व्यावसायिक मी मुंबईत फार पाहिलेला नाही.

तासाभरात ते स्वतः आले. वय साठीच्या पुढचे, मराठी कोकणी वळणाची. आत येऊन त्यांनी आजीपुढे हात जोडले, आणि मग बाहेर जाऊन खिशातील टेप काढून आमच्या चाळीचा लाकडी जिना मोजला: रुंदी, वळणावरची जागा, कठड्याची उंची. शवपेटी वळणावर आडवी फिरणार नाही आणि ती तिरकी करून नेणे आजींच्या मानाला शोभणार नाही, म्हणून पेटी खाली चौकातच ठेवू आणि आजींना कापडी स्ट्रेचरवरून चौघे हळू खाली आणू, असे त्यांनी माझ्या वडिलांना जिन्यातच समजावून सांगितले. आजोबांच्या वेळी, १९९४ साली, याच वळणावर पेटी अडकली होती आणि शेजारच्या माणसांनी कठड्याची दोन दांडकी काढली होती, ही गोष्ट आजी आम्हांला पुष्कळदा सांगत असे. तिची तीच एक धास्ती होती. मालकांना हे कुणी सांगितले नव्हते.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते, कारण घाईत माणूस हेच विसरतो. मृत्यू घरी झाला असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये घ्यावा लागतो. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ असतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. आम्हांला त्याखेरीज आमच्या पाळकांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे, पत्र, आजीचे आधार कार्ड आणि शिवडीच्या कबरस्तानातील आजोबांच्या कबरेची पावती लागली. ती पावती आजीने बायबलच्या कव्हरात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवली होती. मालकांनी पावती हातात घेतली, वाचली आणि परत देत म्हणाले, ‘झेरॉक्स द्या. मूळ कागद मलासुद्धा देऊ नका.’ मुंबईत कबरेची जागा ही खोलीइतकीच दुर्मीळ असते, आणि कायमची कबर ज्या कुटुंबाकडे नाही त्यांना ठरावीक काळानंतर जागा मोकळी करून द्यावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाक्याचे वजन कळते.

अंदाजपत्रक त्यांनी दुकानाच्या छापील कागदावर लिहून दिले. पेटी, आतले पांढरे सॅटीन, पितळी मुठी, शववाहिका, कबर उघडणाऱ्या माणसांची मजुरी, लाकडी क्रूस आणि त्यावरील पाटी, स्मृतिपत्रिकांची छपाई, अशी प्रत्येक बाब वेगळी होती. सागवानी पेटी दाखवली, पण घ्या म्हणून आग्रह केला नाही. आम्ही साध्या लाकडाची, पॉलिश केलेली घेतली. अंतिम बिल अंदाजापेक्षा २०० रुपयांनी कमी आले, कारण एक पुष्पचक्र आम्ही नको म्हटले होते.

आता पाटीकडे येते. या लेखाचे खरे कारण ती पाटी आहे.

माझी आजी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून लग्न होऊन ती मुंबईत आली, १९५७ साली परळच्या शाळेत नोकरीला लागली आणि १९९१ साली निवृत्त झाली. गिरणगावातील मुलांच्या तीन पिढ्या तिने ‘बाई’ म्हणून सांभाळल्या. शुद्धलेखन हा तिचा धर्माखालोखालचा विषय होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा स्वतः पाच वर्षे शिकवलेले तिला मुलांसमोर बदलावे लागले. त्या काळात ती रात्री कंदिलाच्या उजेडात जुनी वर्तमानपत्रे घेऊन बसायची आणि लाल पेन्सिलीने त्यांतले जादा अनुस्वार खोडायची, अशी आमच्या घरात आख्यायिका आहे. निवृत्तीनंतर लाल पेन्सिल गेली नाही. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, आमच्या चर्चच्या मंडळीची मासिक सूचनापत्रे यांतल्या चुका ती वर्तुळ करून ठेवी आणि रविवारी भक्तीनंतर संबंधितांना कुजबुजत सांगे. चारचौघांत तिने कुणाची चूक काढली नाही.  

अशा बाईच्या क्रुसावर काय लिहिले जाते, ही बाब आमच्या दृष्टीने दुय्यम नव्हती. सकाळी दहाला दुकानातील मुलाने मोबाइलवर पाटीचा नमुना पाठवला. त्यावर ‘स्मृतीप्रित्यर्थ’ असे होते.

दोन्ही वेलांट्या उलट. स्मृती हा शब्द एकटा असतो तेव्हा शेवटची वेलांटी दुसरी. समासात पुढे शब्द आला की मूळची पहिली परत येते. आणि प्रीत्यर्थ मधली ‘प्री’ ही प्रीतीतली, म्हणजे दुसरी. हा शब्द आजीने शाळेत फळ्यावर किती वेळा लिहून दिला असेल याची गणती नाही, कारण मुंबईतल्या निम्म्या पाणपोयांवर, बाकांवर आणि फलकांवर तो चुकलेला असतो आणि तिला शाळेच्या वाटेवर अशी एक पाणपोई रोज लागायची. घरात सगळे रडत होते. मी तो नमुना पाहून रडायचे थांबले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आजीच्या डब्यातून लाल पेन्सिल घेतली, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून तो नमुना कागदावर काढून आणला, दोन वर्तुळे केली, कडेच्या कोऱ्या जागेत शुद्ध शब्द लिहिला आणि दुकानात स्वतः घेऊन गेले.

इथे मी सेवेचे गुण कापले. मराठी मजकूर छापून देतो असे सांगणाऱ्या दुकानात मराठी वाचून पाहणारे कुणीतरी असले पाहिजे. मालकांनी सबब सांगितली नाही असे नाही. मजकूर बाहेरच्या मुलाकडून टाइप होतो, बहुतेक ग्राहक इंग्रजी मजकूर देतात, संगणकात आधीचाच साचा होता, हे सगळे त्यांनी सांगितले. पण सांगता सांगता ते कागदाकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, ‘म्हणजे आम्ही इतकी वर्षे चुकीचेच लिहितो आहोत का?’ मी हो म्हटले. त्यांनी खुर्ची ओढून मला बसायला दिले, चहा मागवला आणि पहिली कुठली, दुसरी कुठली हे स्वतःच्या वहीत लिहून घेतले. आजी गेल्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला मी एका साठीच्या माणसाला शुद्धलेखन शिकवत बसले होते. त्या दिवशी मला मिळालेले पहिले सांत्वन ते होते.

फोटोबाबत दुसरी तक्रार. पेटीशेजारी ठेवायच्या मोठ्या फोटोत आजी गोरी झाली होती. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या होत्या, आणि चष्म्याच्या काचेतील ट्यूबलाइटचे प्रतिबिंब काढता काढता तिची नजरच बदलली होती. कुणी सांगितल्याशिवाय ही ‘सुधारणा’ करण्याचा रिवाज का पडला आहे, हे मला कळत नाही. सावळ्या माणसाला मेल्यावर तरी त्याच्या रंगात राहू द्यावे. अर्ध्या तासात मूळ फोटो छापून मिळाला, जादा पैसे घेतले नाहीत.

दुपारी आजीला चौकात आणले. कुठेही धक्का न लागता, पायऱ्या मोजत, चार मुलांनी तिला उतरवले. वळणावर मालक स्वतः पाठीने कठडा धरून उभे होते. शेजारच्या काकू शेवंतीची वेणी घेऊन आल्या होत्या आणि ‘तुमच्यात चालेल ना?’ असे चाचरत विचारत होत्या. आईने होकार दिला, तर दुकानातील एका मुलाने, न सांगता, सॅटीनची चुणी जराशी खाली केली, म्हणजे वेणी झाकली जाणार नाही. याच काकूंनी रात्री कडू घास भरवायला पिठले-भाकरी आणली, कारण आमची चूल पेटायची नव्हती.

एक गमतीचा प्रसंगही झाला आणि तो लिहिला नाही तर आजीवर अन्याय होईल. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि भजने रुजवली तेव्हापासून आमच्याकडे गाण्याशिवाय काहीच होत नाही, ना लग्न ना दफन. वरच्या मजल्यावर भजने चालली होती. मालकांनी जिन्यातून हाक दिली, ‘पेटी इकडे घ्या!’ आणि माझे मामा वाजवता वाजवता हार्मोनियम उचलून जिना उतरू लागले. ते चौकात पोहोचल्यावर दोन्ही पेट्या समोरासमोर आल्या. आधी आत्या हसली, मग सगळेच. शब्दाला दोन अर्थ असले की वाक्य नीट करावे, असे आजी म्हणाली असती. मालक ओशाळले, पण भजन पूर्ण होईपर्यंत त्यांनी झाकणाला हात लावला नाही आणि मुलांनाही लावू दिला नाही. घड्याळाकडे पाहणारा माणूस तिथे कुणी नव्हता.

शववाहिकेत इंग्रजी ऑर्गनची ध्वनिफीत लावलेली होती. बंद करायला सांगितल्यावर ती लगेच बंद झाली, तरी आधी विचारायला हवे होते.

शिवडीचे कबरस्तान मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६५ साली झाले. आजोबांच्या कबरेवर फुले ठेवायला आजी आम्हांला नेई, तेव्हा जोसेफ बॅप्टिस्टांचीही कबर इथेच आहे हे ती न चुकता सांगायची: लोकमान्यांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष, मुंबईचे महापौर, सगळ्यांचे ‘काका’. मुलांनी इतिहास पाठ करण्यापेक्षा त्याला फूल वाहावे, असे तिला वाटे. यावेळी कबर आधीच उघडून तयार होती, कडेची माती सारखी केलेली होती आणि म्हाताऱ्या माणसांना उभे राहण्यासाठी फळ्या टाकलेल्या होत्या. पाळकांनी २३ वे स्तोत्र वाचले. आम्ही मूठमूठ माती टाकली. क्रुसावरची पाटी नवी होती, रंग जेमतेम सुकलेला: ‘स्मृतिप्रीत्यर्थ’. मी जवळ जाऊन वाचली. मग माझे डोळे भरून आले.

स्मृतिपत्रिकांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण तिथे दुकानाचा संयम दिसला. तिसऱ्या दिवशीच्या घरच्या भक्तीसाठी आम्हांला १०० पत्रिका हव्या होत्या. दुकानाकडे तयार वचनांची यादी आहे आणि ती वाईट नाही. पण आम्हांला बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातले ११:३५ हे वचन हवे होते, आणि ते एवढेच आहे: ‘येशू रडला.’ शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमध्ये मुलांसाठी भरणाऱ्या रविवारच्या शाळेत, वाक्याचे घटक शिकवताना आजी हेच उदाहरण द्यायची. कर्ता आणि क्रियापद; वाक्य पूर्ण; विशेषण लावू नका. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे प्रभूला ठाऊक होते, तरी त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया यांचे दुःख पाहून तो रडला, म्हणून रडणाऱ्याला ‘रडू नकोस, तुझा विश्वास कुठे गेला’ असे म्हणायचा अधिकार कुणालाही नाही, हेही ती त्याच तासाला सांगे. आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि नातेवाइकांनी मला गप्प करायचा प्रयत्न केला तेव्हा तिने त्यांना हे दोन शब्द ऐकवले होते.

मालकांचा फोन आला: ताई, वचन अर्धेच आले आहे, पुढची ओळ राहिली का? मी सांगितले की ते पूर्ण आहे. ते थोडे थांबले, पत्रिकेत फार मोकळी जागा दिसेल म्हणाले. मोकळीच ठेवा, असे मी सांगितले. त्यांनी तशीच ठेवली. खाली वेल नाही, कबुतर नाही, मेणबत्ती नाही. जाड पांढरा कागद, एका बाजूला सावळी, चष्मा लावलेली आजी, दुसऱ्या बाजूला दोन शब्द आणि संदर्भ. लोक पत्रिका हातात घेत, उलटत, वाचत आणि बराच वेळ तशीच धरून बसत. आत्याला आपण रडू शकतो असे तिथे बहुधा पहिल्यांदा वाटले. तोवर ती थोरली म्हणून सगळ्यांना पाणी देत फिरत होती.

दगडाच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. माती बसल्याशिवाय दगड लावू नये, नाहीतर तो कलतो, हे त्यांनी आधीच सांगितले होते आणि ते पटण्यासारखे आहे. पण ईस्टरच्या पहाटेपूर्वी नक्की लावतो असा शब्दही त्यांनीच दिला होता, आणि त्या पहाटे आम्ही फुले घेऊन पोहोचलो तेव्हा लाकडी क्रूसच उभा होता. दगड त्यानंतर तीन आठवड्यांनी लागला. कोरणारा गावी गेला होता, असे कळले. ते आम्हांला ईस्टरनंतर कळले, हा दोष. कोरीव काम मात्र उत्तम आहे. आजोबांच्या नावाखाली आजीचे नाव, १९३३ आणि २०२५, आणि त्याच अध्यायातील दहा वचने आधीचे वचन: ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ ते वचन पंचविसावे, पत्रिकेवरचे पस्तिसावे. प्रभूने आधी ते सांगितले आणि मग तो रडला, हा क्रम आजीला फार महत्त्वाचा वाटे.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा वेलांट्या, गोरा केलेला फोटो आणि ईस्टर या तिघांनी मिळून खाल्ला. अशा दुकानात जाणाऱ्यांनी एवढे करावे: मजकूर मोबाइलवर न पाहता कागदावर मागावा, घरातल्या मराठी येणाऱ्या माणसाने चष्मा लावून वाचावा, फोटो ‘जसा आहे तसा’ असे लिहून द्यावे आणि दगडाची तारीख पावतीवर घालून घ्यावी. पैसे रोख किंवा मोबाइलवरून चालतात, पावती मिळते, रात्री फोन उचलला जातो.

दगडाचे उरलेले पैसे द्यायला जूनमध्ये गेले तेव्हा मालक बाहेर गेले होते. टाइप करणारा नवा मुलगा कुणाच्या तरी पाटीचा मजकूर लावत होता, आणि काउंटरच्या काचेखाली, पितळी मुठींच्या किमतींच्या शेजारी, आजीच्या लाल पेन्सिलीच्या दोन वर्तुळांचा तो कागद ठेवलेला होता. मुलगा एकदा काचेकडे पाही, एकदा पडद्याकडे, आणि मग एक अक्षर लावी.